खाणीकाठचे आजोळ आणि स्मृतीचे प्रामाण्य

स्मृती हे ज्ञान मानावे की नाही, या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला. मात्र त्या वादातील उदाहरणे बहुतेक अशा जगातली आहेत की जिथे आठवलेली वस्तू कधी ना कधी पुन्हा समोर येते. पूर्वी पाहिलेला देवदत्त पुढे परगावी भेटतो, पाहणारा 'तोच हा' असे म्हणतो, आणि नैयायिक त्या अनुभवाला प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख पटण्याचे ज्ञान, असे नाव देऊन पुढील चर्चेला लागतात. परंतु आठवलेली वस्तू ज्या जमिनीवर उभी होती ती जमीनच खणून, ट्रकांतून नदीपर्यंत आणि नदीतून समुद्रापर्यंत नेऊन, परदेशी भट्ट्यांत वितळवली गेली असेल, तर तिच्या स्मृतीची खातरजमा कशी करायची, हा प्रश्न जुन्या ग्रंथांत या रूपात येत नाही आणि येण्याचे कारणही नव्हते. गोव्याच्या खाणपट्ट्यात ज्यांचे आजोळ होते अशा माणसांच्या बालपणीच्या आठवणी हा प्रश्न आज उभा करतात, आणि नुसत्या हळहळीने त्याचे उत्तर मिळत नसल्यामुळे स्मृतीचे प्रामाण्य, म्हणजे यथार्थ ज्ञान म्हणून तिचे असलेले मोल, नीट तपासणे भाग पडते.

डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांतील डोंगरांत लोहखनिज आहे. पोर्तुगीज राजवटीने दिलेल्या खाणसवलतींवर तेथील काम विसाव्या शतकाच्या मध्यावर वेगाने वाढले, १९५०च्या दशकात जपान हा मोठा ग्राहक झाला, १९६१मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही त्या सवलती चालू राहिल्या आणि १९८७च्या कायद्याने त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे २०१२मध्ये आणि पुन्हा २०१८मध्ये हे काम थांबले, व त्यानंतर पट्ट्यांचे लिलाव होऊन काही ठिकाणी ते नव्याने सुरू झाले. येथील खाणी उघड्या पद्धतीच्या आहेत. म्हणजे जमिनीखाली बोगदे न काढता वरचा जांभा आणि माती हटवून डोंगर माथ्यापासून खाली उतरवला जातो, आणि दर टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन निरुपयोगी माती जवळपास कुठेतरी रचून ठेवावी लागते. त्या ढिगाऱ्याला सगळे डंप म्हणतात. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की त्यातले पाणी पंपांनी सतत उपसावे लागते, आणि उपसा चालू राहिला की भोवतालच्या विहिरी व झरे आटतात.

या गावांत सुटीला येणारे नातवंड वर्षातून बहुधा दोनदा येई, मे महिन्यात आणि भाद्रपदातील चवथीला, आणि त्या दोन भेटींत त्याला दोन वेगळी गावे दिसत. पावसाळ्यात खनिजाची निर्यात बंद असल्यामुळे उन्हाळ्याचे शेवटचे आठवडे वाहतुकीच्या घाईचे असत. पहाटे पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजण्याआधीच ट्रकांची रांग लागलेली असे, रिकाम्या ट्रकांचे फाळके आदळत, फणसाच्या पानांवर तांबड्या धुळीचा थर बसे आणि वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत विटकरी होत. आजी तिन्हीसांजेला दिवा लावण्यापूर्वी तांब्याभर पाणी घेऊन तुळशीची पाने बोटांनी एकेक करून धूत असे, आणि ही धुण्याची क्रिया पूजेचाच एक विधी आहे अशी मुलाची समजूत होई. चवथीला आलेल्या त्याच मुलाला ट्रक दिसत नसत. सगळे हिरवे असे, आणि खाणीच्या खड्ड्यात साचलेले पाणी त्याला तळ्यासारखे वाटे.

न्यायदर्शनाच्या परिभाषेत या आठवणींचे स्वरूप सांगता येते. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, जो आजही न्यायाच्या विद्यार्थ्याचा पहिला ग्रंथ असतो, ज्ञानाचे स्मृती आणि अनुभव असे दोन भाग केले असून, केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारे ज्ञान ते स्मृती असे तिचे लक्षण दिले आहे. संस्कार म्हणजे अनुभव संपल्यावर आत्म्यात मागे राहिलेला ठसा, आणि त्या ठशाला जागे करणारे जे निमित्त ते उद्बोधक होय. न्यायसूत्रांत अशा उद्बोधकांची लांबलचक यादी आहे व तिच्यात सादृश्य, सुख, दुःख, भय यांच्याबरोबर वियोगही गणला आहे. मुंबईत किंवा आखातात वाढलेल्या नातवाला जांभ्यावर पडलेल्या पहिल्या पावसाचा वास आला, किंवा रस्त्यावर कुठे रिकाम्या ट्रकाचा फाळका आदळला, की जे अवचित जागे होते त्याची उपपत्ती या यादीने पुरेशी लागते.

अडचण पुढे आहे. नैयायिक स्मृतीला यथार्थ मानू शकतात, पण प्रमाण मानत नाहीत. प्रमाण म्हणजे यथार्थ अनुभवाचे साधन, आणि स्मृती हा अनुभवच नव्हे. जयंत भट्टाने न्यायमंजरीत याचे कारण फार नेमके दिले आहे. आधीच कळलेली गोष्ट स्मृती पुन्हा सांगते म्हणून ती अप्रमाण ठरते असे नाही. ती आपल्या विषयापासून जन्मत नाही, म्हणून अप्रमाण ठरते. डोळ्यांसमोर घट असल्याखेरीज घटाचे प्रत्यक्ष होत नाही, पण घट फुटून गेला तरी त्याची आठवण होते, आणि विषय नसतानाही जे ज्ञान उपजते त्याने विषयाची ग्वाही देऊ नये, असे हे म्हणणे आहे. त्यात एक कठोर प्रामाणिकपणा आहे. आजोळाच्या आठवणींचे जे गोड लेखन मराठीत उदंड झाले आहे त्याला हा निकष लावून पाहिला, तर त्यातील किती भाग विषयाचा आणि किती भाग लिहिणाऱ्याच्या वयाचा, असा संशय घेण्याचा अधिकार जयंत भट्ट वाचकाला देतो.

ज्ञान खरे की खोटे हे ज्ञानातूनच कळत नाही, ते त्या ज्ञानावर विसंबून केलेल्या कृतीच्या फळावरून कळते, असे नैयायिक मानतात. याला परतःप्रामाण्य म्हणतात, आणि त्याचे नेहमीचे उदाहरण पाण्याचे आहे: लांबून पाणी दिसले, माणूस तिकडे गेला, तहान भागली, म्हणून आधीचे ज्ञान खरे. आता खाणीकाठच्या गावात हेच उदाहरण उलटते. घरामागच्या उतारावर झर होती असे नातवाला आठवते, तो तिथे जातो, आणि त्याला कोरडी दरड किंवा डंपाचा पायथा दिसतो. कृती निष्फळ झाली. म्हणून स्मृती खोटी होती काय? मूळ अनुभव खरा असेल तर त्यातून आलेली स्मृतीही यथार्थच, हे नैयायिकांना मान्य आहे, पण मूळ अनुभव खरा होता हे दाखवण्याची त्यांची वाट मात्र या गावात बंद झालेली असते. झर ज्या खडकातून येत होती तो खडक, तिला जगवणारे भूजल आणि तिच्यापर्यंत नेणारी पायवाट, ही सगळी साक्ष एकाच यंत्राने एकाच हंगामात उचललेली असते, आणि ज्या पुराव्याच्या अभावी स्मृती अप्रमाण ठरायची तो पुरावा नाहीसा करणारा पक्षच पुढे पुरावा मागणारा असतो.

जैन तार्किकांनी वेगळी भूमिका घेतली, आणि ती या ठिकाणी अधिक समर्थ आहे. अकलंकापासूनच्या परंपरेत परोक्ष, म्हणजे अप्रत्यक्ष, प्रमाणाचे पाच प्रकार मानले जातात, आणि त्यांत स्मृती पहिली आहे. तिच्यानंतर प्रत्यभिज्ञा, तर्क, अनुमान आणि आगम येतात. हेमचंद्राने प्रमाणमीमांसेत याचे समर्थन करताना रोजच्या व्यवहाराकडे बोट दाखवले आहे: माणूस स्वतः ठेवलेली वस्तू आठवणीने शोधून काढतो आणि ती त्याला सापडते, तेव्हा या ज्ञानाचा वस्तूशी विसंवाद नाही, मग ते प्रमाण का नाही? खाणगावात हा युक्तिवाद तेवढ्याने पुरणार नाही, कारण तिथे ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडत नाही. परंतु हेमचंद्राचा दुसरा मुद्दा खणून काढता येणारा नाही. धूर पाहून अग्नीचे अनुमान करणाऱ्याला धूर आणि अग्नी यांचा नित्य संबंध, ज्याला व्याप्ती म्हणतात, तो आठवावा लागतो. स्मृतीला अप्रमाण ठरवले तर अनुमानावरही पाणी सोडावे लागेल. खाणीतल्या उपशामुळे विहिरी आटल्या असे अनुमान भूजलाचा अभ्यासक करतो, तेव्हा त्यालाही पूर्वी विहिरीत पाणी होते हे कोणीतरी सांगावेच लागते, आणि जिथे कोणी मोजमाप ठेवलेले नाही तिथे ते आठवणीतूनच येते.

तथापि बालपणीची स्मृती सरसकट विश्वासार्ह मानणे हाही उतावळेपणा होईल, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण डंपाचे आहे. माती पावसाने वाहून जाऊ नये म्हणून अनेक डंपांवर ऑस्ट्रेलियन अकेशियाची लागवड करण्यात आली, आणि काही वर्षांत ते ढिगारे लांबून झाडीने भरलेल्या टेकड्यांसारखे दिसू लागले. १९८०च्या किंवा १९९०च्या दशकात सुटीला आलेल्या मुलाच्या मनात आजोळचा डोंगर म्हणून जो ठसा उमटला, तो कित्येकदा अशा डंपाचा आहे. आजोबांच्या मनातला डोंगर तोपर्यंत जहाजातून गेलेला होता आणि त्याच्या पोटातली टाकाऊ माती तेवढी मागे उरलेली होती. मुलाला आकार दिसला होता, रंग दिसला होता, त्यावर चढल्याचे त्याच्या पायांना आठवत होते. यांपैकी काहीच खोटे नव्हते, पण 'हा डोंगर' अशी जी सविकल्पक प्रतीती, म्हणजे नाव आणि जाती जोडून झालेले ज्ञान, ती चुकीची होती. कुमारिल भट्टाने निर्विकल्पक प्रत्यक्षाची, म्हणजे नाव-जातीचे विशेषण लागण्यापूर्वीच्या शुद्ध दर्शनाची, तुलना तान्ह्या मुलाच्या आणि मुक्याच्या ज्ञानाशी केली आहे. तोच धागा पुढे नेला तर असे म्हणता येईल की आजोळच्या आठवणींत इंद्रियांनी टिपलेला भाग टिकाऊ असतो आणि त्यांना चिकटलेली नावे तपासून घ्यावी लागतात.

हे तपासण्याचे काम आजी-आजोबांच्या बोलण्याने होते. न्यायाच्या भाषेत ते शब्दप्रमाण आहे, म्हणजे आप्ताचे वाक्य. आणि जो वस्तू जशी आहे तशी जाणतो व तशीच सांगू इच्छितो तो आप्त. नातवाने डंपाकडे बोट दाखवून डोंगर म्हणावे आणि आजोबांनी, तो डोंगर नव्हे, डोंगर या बाजूला होता, त्यावर अमुक वेल चढत असे, असे सांगावे, तेव्हा मुलाचे प्रत्यक्ष आणि वृद्धाचे वचन मिळून जी स्मृती घडते तिचा आवाका एका आयुष्याहून मोठा असतो. धर्मशास्त्राला हा आवाका अपरिचित नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वराने जमिनीच्या ताब्याच्या पुराव्याची चर्चा करताना स्मार्त काल, म्हणजे माणसांच्या स्मरणात राहू शकणारा काळ, शंभर वर्षांचा धरला आहे, आणि त्याच चर्चेत तीन पिढ्यांच्या अखंड भोगवट्याला विशेष वजन आहे. मुक्तीच्या आधी जन्मलेले आजी-आजोबा आणि त्यांच्या अंगणात खेळलेली नातवंडे यांच्यामध्ये हा शंभर वर्षांचा पल्ला जवळजवळ पूर्ण होतो. श्राद्धविधीही तीन पिढ्यांचाच विचार करतो, आणि आश्विन शुद्ध प्रतिपदेला, ज्या दिवसाला आजेपाडवा म्हणतात, आईच्या वडिलांचे श्राद्ध करण्याचा अधिकार मुलीच्या मुलाला दिलेला आहे. त्याची मुंज झालेली नसली तरी तो ते करू शकतो. आजोळाशी असलेल्या नात्याला परंपरेने केवळ मायेचा विषय न मानता, वयाने लहान असलेल्यावरही एक कर्तव्य सोपवले, ही गोष्ट इथे महत्त्वाची वाटते.

कोकणी-मराठी धर्मजीवनात स्मृती ताजी ठेवण्याची जी साधने आहेत, त्यांतील माटोळी हे फार सूक्ष्म साधन आहे. चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली आणि बागेतली फळे, वेली, शेंगा बांधतात. नारळ-सुपारीबरोबर कवंडळ, घागऱ्या, आंबाडे असे कितीतरी जिन्नस तीत लागतात. ते गोळा करायला आजोबा डोंगरावर जात आणि मुलांना बरोबर नेत, कारण कोणती वेल कोणत्या घळीत आहे हे दाखवल्याशिवाय कळत नाही. अशा रीतीने दर वर्षी एक स्मृती कृतीने तपासली जाई: वेल आठवली, तिथे गेले, वेल सापडली, देवाला वाहिली. परतःप्रामाण्याची एवढी सुबक व्यवस्था एखाद्या विधीत सहज मुरलेली असावी, याचे नवल वाटते. डोंगर खाणीत गेल्यावर माटोळी थांबली नाही. तिचे सामान बाजारात मिळते आणि लोक श्रद्धेने ते विकत आणतात. या श्रद्धेत काही उणे नाही. मात्र जिन्नस आणि जागा यांची ताटातूट झाल्यामुळे ज्ञानाची जी कडी त्या विधीत होती ती निखळली, आणि पुढच्या नातवंडाला कवंडळ ओळखता आले तरी ते कुठे उगवते हे सांगता येत नाही.

देवतेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होतो. गोव्यातील सातेरी ही भूमिरूप देवता असून अनेक देवळांत तिचे मूळ रूप वारूळ आहे, म्हणजे जमिनीतून वर आलेली मातीच तेथे देव आहे. डिचोली तालुक्यातील शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई आणि मयेची महामाया या सात बहिणींच्या कथेतील देवी, आणि त्यांची तिन्ही गावे खाणपट्ट्याच्या प्रदेशात येतात. शिरगावला वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा भरते, धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, तळीवर स्नान करून निखाऱ्यांवरून चालतात. त्याच गावच्या विहिरी आणि शेते खाणींनी कशी बिघडली हा विषय न्यायालयापर्यंत गेला, आणि नव्या लिलावानंतर घरे, शेते व देऊळ खाणपट्ट्याच्या हद्दीतून वगळा अशी मागणी गावकऱ्यांना करावी लागली. ज्या देवतेची ओळखच अमुक तळी, अमुक देऊळ, अमुक वाट अशी आहे, तिला कागदावरच्या हद्दीतून वगळावे म्हणून अर्ज करण्याची वेळ भक्तांवर यावी, यात श्रद्धेचा अवमान तर आहेच, पण क्षेत्र म्हणजे काय याविषयीचे घोर अज्ञानही आहे.

याच खनिजपट्ट्याच्या उत्तरेला, वेंगुर्ले तालुक्यातील रेडी येथे, उलट प्रकारची घटना सांगितली जाते. १९७६मध्ये तेथील खाणीवर ट्रक चालवणाऱ्या एका माणसाला स्वप्नदृष्टान्त झाला, त्यावरून खोदले असता जांभ्यात कोरलेली गणपतीची द्विभुज मूर्ती सापडली, आणि आज ते मोठे देवस्थान आहे. स्वप्नाला कोणताही नैयायिक प्रमाण म्हणणार नाही. तरीही त्यावर विसंबून कृती झाली, कृतीला फळ आले, आणि गावाने ते ज्ञान स्वीकारले. तिथे खणण्याने साक्ष मिळाली, आणि काही कोसांवरच्या गावांत खणण्यानेच साक्ष बुडाली. खणणे ही क्रिया स्वतः पवित्र किंवा अपवित्र नाही असे यावरून कोणी म्हणेल, आणि अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील भूमिसूक्ताचाही त्याला आधार मिळेल, कारण त्या सूक्ताचा ऋषी भूमी खणणाराच आहे. पण खणताना तो दोन अटी स्वतःवर घालून घेतो: जे खणले ते लवकर भरून यावे, आणि भूमीच्या मर्माला घाव लागू नये. नांगराची तास आणि विहिरीचा खड्डा या अटींत बसतात. भूजलाखाली उतरलेली आणि काम संपल्यावर तशीच सोडलेली खाण बसत नाही.

नातवंडांच्या आठवणी अनेकदा एक गोष्ट गाळतात, आणि ती गाळली तर त्यांचे प्रामाण्य खरोखरच उणे होते. कित्येक घरांतला ट्रक खाणीवर लागलेला होता, त्याचे हप्ते खनिजाच्या फेऱ्यांतून फिटत होते, आणि सुटीत येणाऱ्या मुलाच्या हातावर ठेवलेली नोट त्याच मिळकतीतली होती. आटलेली झर आणि ती नोट या दोन्ही एकाच आजोळच्या आहेत. एकीची आठवण ठेवून दुसरी विसरणे याला योगसूत्रांच्या व्याख्येप्रमाणे स्मृती म्हणता येणार नाही, कारण तिथे अनुभवलेल्या विषयातील काहीही निसटू न देणे हेच स्मृतीचे लक्षण मानले आहे.

आता खाणी पुन्हा सुरू होत असताना हा वाद निव्वळ ग्रंथातला राहिलेला नाही. पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल तयार करताना हवा, पाणी आणि जमीन यांची जी मूळ स्थिती नोंदवली जाते ती आजच्या मोजमापांवरून, बहुधा पावसाळा सोडून एखाद्या ऋतूतील निरीक्षणांवरून, ठरते. खड्डा आधीच पडलेला, डंपावर अकेशिया वाढलेले आणि झर आटलेली, अशा अवस्थेला मूळ स्थिती म्हटले की आजच्या प्रत्यक्षाने कालचे प्रत्यक्ष पुसले जाते. जिथे प्रत्यक्ष इतक्या उशिरा सुरू होते तिथे त्याआधीचे जाणण्याचे साधन म्हणून स्मृतीला प्रमाण मानावेच लागेल. मात्र आजोबांचे वचन, अनेक नातवंडांच्या परस्परांशी जुळणाऱ्या आठवणी आणि विधींतून उरलेल्या खुणा एकमेकांशी ताडून मगच. कायद्याने ठेवलेल्या जनसुनावणीत एखादी वृद्ध स्त्री उठून अमुक झर वैशाखापर्यंत वाहत होती असे सांगते, आणि परगावाहून आलेला तिचा नातू त्या पाण्यात उभे राहिल्याचे सांगून तिला दुजोरा देतो, तेव्हा टिपणी लिहिणारा ते म्हणणे भावनांच्या रकान्यात घालतो की पाण्याच्या, यात स्मृतीच्या प्रामाण्याचा निर्णय होऊन जातो, मग त्याने अकलंक किंवा जयंत भट्ट वाचलेला असो वा नसो.